इंग्लंडमध्ये घर विकणाऱ्यांना सक्तीच्या केलेल्या ‘होम इन्फर्मेशन पॅक’ला एवढा विरोध का झाला?

सरकारचा हेतू वाईट नव्हता. तिथे सौदा ठरल्यावर कागदांची शोधाशोध सुरू होते आणि ऐनवेळी सगळं फिसकटतं. म्हणून 2004 च्या हाउसिंग ॲक्टने ठरवलं, की विकणाऱ्यानेच घर बाजारात आणण्याआधी फाइल तयार ठेवायची: मालकीचे कागद, स्थानिक पालिकेकडचे शोध-दाखले (पालिकेच्या नोंदींत त्या घराबद्दल काय आहे ते सांगणारे), घर किती ऊर्जा खातं हे दाखवणारं ऊर्जा प्रमाणपत्र वगैरे. खर्च साधारण 300-400 पौंड, गिऱ्हाईक मिळो न मिळो!

पण खरी गोम वेगळीच. छप्पर गळतं का, भिंतीत ओल आहे का, हे सांगणारा तपासणी अहवाल हाच घेणाऱ्याच्या खऱ्या कामाचा कागद. तोही या पॅकमध्ये सक्तीचा असणार होता, पण नेमका तोच 2006 मध्ये ऐच्छिक केला. मग उरलं काय? घर लवकर विकलं गेलं नाही तर शोध-दाखले शिळे होत आणि घेणाऱ्याचा वकील ते पुन्हा काढायला लावी. म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे.

घरं तपासणाऱ्या सर्वेक्षकांची संस्था आरआयसीएस कोर्टात गेली, सक्ती लागू करण्याचा जून 2007 चा मुहूर्त हुकला. ऑगस्टमध्ये चार बेडरूम आणि त्याहून मोठ्या घरांपासून सुरुवात झाली, डिसेंबरपर्यंत सगळीच घरं आली. त्यातच मंदी. मे 2010 मध्ये सरकार बदललं आणि काही दिवसांतच सक्ती गेली. ऊर्जा प्रमाणपत्र तेवढं राहिलं.

गंमत म्हणजे स्कॉटलंडमध्ये डिसेंबर 2008 पासून सक्तीचा झालेला ‘होम रिपोर्ट’ मात्र टिकला. त्यात सर्वेक्षकाने केलेली घराची तपासणी असते.