वाड्याचं काम चालू असताना लोकांना काय दाखवायचं?

तुमचा प्रश्न असा: घरच्या जुन्या वाड्याचं जतनाचं काम दोन वर्षं चालणार, तोवर तो बंद ठेवावा का, आणि इंग्लंडमधल्या मोठ्या हवेल्यांत अशा वेळी काय करतात?

बंद ठेवू नका. काम हीच बघण्यासारखी गोष्ट असते.

मी डर्बीशरमध्ये राहते. इथली काल्क ॲबी म्हणजे १७०१ ते १७०४ मध्ये बांधलेलं सरदारी घर. ॲबी म्हणजे मठ, पण तो फक्त नावाला. हार्पर-क्रू घराण्याने काही टाकूनच दिलं नाही, वीजसुद्धा घेतली ती १९६२ साली. वारसाकर झेपेना म्हणून १९८५ मध्ये घर नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आलं. ट्रस्टने ठरवलं, गळती थांबवायची, भिंती सावरायच्या, पण घराला नवं रूप द्यायचं नाही. त्यामुळे रंगाचे पोपडे, लोंबणारा वॉलपेपर अजून तसाच आहे. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "एवढं तिकीट घेतात, निदान रंग तरी लावायचा!" खोलीतल्या स्वयंसेवक आजोबांना मी ते भाषांतर करून सांगितलं, तर ते खूश. तिथून पुढे वीस मिनिटं गप्पा. फलकाने हे झालं नसतं.

तिथे एक शाही पलंग आहे. अठराव्या शतकातला, चिनी रेशमाच्या पडद्यांचा. घराण्याने तो कधी उभारलाच नाही, पडदे पेटीत पडून राहिले. त्यावरचं भरतकाम काल काढल्यासारखं ताजं दिसतं. आता तो काचेमागे, मंद उजेडात. अशा नाजूक कापडावर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेड ठेवतात. "इतका अंधार का?" असं कुणी कुरकुरलं तर पलंगाकडे बोट दाखवायचं.

हॅम्पशरच्या द वाइन या जुन्या हवेलीत छताचं काम निघालं तेव्हा त्यांनी परांचीच्या बाजूने पाहुण्यांसाठी वर वाटच केली. कौलं बसवणारे कारागीर समोर, आणि लोक वरून बघतायत!

माझी फजितीही सांगते. गावाकडच्या आमच्या वाड्याचा गिलावा चालू होता तेव्हा मी घराण्याचा इतिहास लिहिलेला लांबलचक फलक लावला. कुणी वाचला नाही. पोरं-बाया सगळे चुना मळायच्या घाण्याभोवती. यात गूळ का घालता, हिरडा कशाला, असे प्रश्न गवंड्याला. पणजोबांना कुणी विचारलं नाही.

तेव्हा तुम्ही एक खण मुद्दाम शेवटपर्यंत न दुरुस्त ठेवा, शेजारचा पूर्ण करा. वाळवीने पोखरलेल्या तुळईचा एक तुकडा लोकांच्या हातात द्या. येण्याजाण्याची वाट दोरी बांधून पक्की करा, डोक्यावर हेल्मेट हवंच, आणि रविवारी तासभर गवंड्याला तिथे उभं करा. त्याला आधी विचारून, आणि त्या तासाची मजुरी देऊन.