जर्मन विशेषणांचे प्रत्यय: तक्त्याआधी आर्टिकलकडे बघा

'डेर काल्टे काफे' (ती थंड कॉफी), पण 'आइन काल्टर काफे' (एक थंड कॉफी), असं का, आणि तीन तक्ते पाठ कसे करायचे, असा तुमचा प्रश्न आहे. मी तक्त्यांपासून सुरुवात करणार नाही.

हिशेब साधा आहे. नामाचं लिंग आणि विभक्ती कुणीतरी दाखवायला हवी. आर्टिकलनं (नामाआधीच्या 'डेर', 'आइन' अशा शब्दानं) दाखवली, तर विशेषणाला नुसता ए किंवा एन. नाही दाखवली, तर ते काम विशेषणावर येतं.

'डेर'च्या शेवटच्या र वरून पुल्लिंगी प्रथमा कळते, म्हणून 'काल्टे' पुरतं. 'आइन' मात्र पुल्लिंगालाही तेच, नपुंसकलिंगालाही तेच. म्हणून 'आइन काल्टर काफे', पण 'आइन काल्टेस बिअर'. ही अडचण तीनच ठिकाणी येते: पुल्लिंगी प्रथमा, नपुंसकलिंगी प्रथमा आणि द्वितीया. काइन (एकही नाही), माइन (माझा) यांचंही तसंच. आर्टिकलच नसेल तर डेर-डी-डास या तीन लिंगांच्या आर्टिकलचा शेवट विशेषण उचलतं: काल्टर काफे, काल्टे मिल्श (थंड दूध), मिट काल्टेम वासर (थंड पाण्यासोबत; हा चतुर्थीतल्या 'डेम'चा म). षष्ठीत मात्र 'श्टार्केन रेगेन्स' (जोरदार पावसाचा). तिथे एस नामालाच लागलाय, मग विशेषणाला एन पुरतो.

आता 'डेर'च्या मागे ए की एन? प्रथमा एकवचनात तिन्ही लिंगांना ए, द्वितीयेत स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंगाला ए. चार विभक्ती, आणि प्रत्येकीत तीन लिंगं व अनेकवचन, अशा तक्त्याच्या सोळा घरांपैकी ही पाच. उरलेल्या अकरांत, म्हणजे पुल्लिंगी द्वितीया, सगळी चतुर्थी-षष्ठी आणि सगळं अनेकवचन, यांत एन. मराठी माणसाला हे जड जायचं कारण नाही: मोठा, मोठी, मोठं, पण मोठ्या मुलाला, मोठ्या मुलीला, मोठ्या घराला. एन म्हणजे जवळपास आपलं 'मोठ्या'.

मराठीमुळे होणारी चूक वेगळीच. आपण 'मुलगा मोठा आहे, मुलगी मोठी आहे' म्हणतो, म्हणून क्रियापदानंतरच्या विशेषणालाही प्रत्यय लावतो. जर्मनमध्ये तिथे काहीच लागत नाही: 'डेर युंगे इस्ट क्लाइन' (मुलगा लहान आहे). 'क्लाइनर' म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल, मुलगा कुणापेक्षा तरी लहान आहे.

अनेकवचनात 'माइने नॉयेन शूए' (माझे नवे बूट), पण 'फीले नॉये शूए' (बरेच नवे बूट), कारण 'फीले' आर्टिकलसारखं वागत नाही, तेही विशेषणच. 'आले' (सगळे) मात्र वागतं: 'आले नॉयेन शूए'. सरावाला शब्द सुटा घेऊ नका. प्रत्येक नाम 'डेर', 'आइन' आणि आर्टिकलशिवाय, असं तीनदा विशेषणासकट मोठ्यानं म्हणा, मग तेच द्वितीयेत आणि 'मिट' लावून चतुर्थीत.