दोन कप आणि भिंतीवरची रेघ

सांगली, रविवार रात्र

प्रिय पोरी,

वर्गासाठी केलेली तुझी फिल्म, म्हणजे एका थ्रिलरची सुरुवातीची दोन मिनिटं, पाच वेळा पाहिली. आधी फोनवर, मग हेडफोन लावून, मग बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर, एकदा आवाज पूर्ण बंद करून, आणि एकदा डोळे मिटून नुसती ऐकली. दोन मिनिटं आठ सेकंद. सोबतचं तीन पानी मनोगत मात्र एकदाच वाचलं आणि बाजूला ठेवलं. फिल्म एका मुलीनं केलीय आणि मनोगत दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय, असं वाटलं.

फिल्म करणारी मुलगी आजीच्या गावभागातल्या घरात दोन रात्री चार मित्रांना घेऊन जागली. मनोगत लिहिणारी मुलगी त्या घरात गेलेलीच दिसत नाही. ती लिहिते, 'अंधाऱ्या प्रकाशयोजनेमुळे प्रेक्षकाच्या मनात भीती निर्माण होते.' 'वेगवान संकलनामुळे तणाव वाढतो.' कुठल्या प्रेक्षकाच्या मनात? तू कुणाला विचारलंस?

मी विचारलं. शनिवारी तिघांना चहाला बोलावलं, काही न सांगता फिल्म लावली आणि पडद्याकडे पाठ करून त्यांच्या तोंडांकडे बघत बसलो.

शेजारच्या काकू चाळिसाव्या सेकंदाला म्हणाल्या, "अगं बाई, दुसरा कप कुणासाठी?" फिल्म संपेपर्यंत त्या तोच प्रश्न मनात धरून होत्या. संपल्यावर पुन्हा विचारलं, "पण मग तो कप?"

त्यांचा नववीतला नातू पहिल्या 'धाड्‌'ला दचकला, उशी पोटाशी धरली. त्यानंतर जिन्यात आणि आरशापाशी, दोन्ही वेळी त्यानं आधीच कानांवर हात ठेवले. आवाज आला, हात काढले, बिस्किट उचललं. तिसऱ्या वेळी, सुरी दिसते तिथं, त्यानं हातही उचलले नाहीत.

तिसरा माझा बँकेतून निवृत्त झालेला मित्र. भिंतीवरच्या पुराच्या रेघेचा शॉट आला आणि त्यानं कप खाली ठेवला. 2019 च्या पुरात त्याच्या तळमजल्यात पाणी होतं. "ती रेघ खरी आहे का?" एवढंच त्यानं विचारलं. खरी असणार, तिच्या आजीचं घर आहे, असं मी म्हटलं. त्यावर तो काही बोलला नाही, चप्पल घालून घरी गेला.

या तीन नोंदी तुझ्या तीन पानांपेक्षा मोलाच्या आहेत, असं मी मनापासून म्हणतो. मनोगतात आधी हे यायला हवं, लोकांनी काय पाहिलं. तुला काय दाखवायचं होतं ते त्याच्यानंतर. आणि दोन्हींत जे अंतर पडलं, ते कुठं आणि का पडलं, यावर बाकी सगळा मजकूर.

आता भीतीबद्दल. ती कशी चढते हे सांगलीत वाढलेल्या मुलीला बाहेरून शिकायची गरज नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा पातळी, 45 फुटांना धोक्याची. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा तू शाळेत असशील. आठव, त्या दिवसांत घराघरांत काय चाललं होतं. रात्री फोन येतो, कोयनेतून विसर्ग वाढवला, इतके क्युसेक. ते पाणी इथं पोचायला कितीतरी तास असतात. अंगण कोरडं असतं, समोरच्या घरात टीव्ही चालू असतो. पण त्या फोननंतर आई काही न बोलता कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करायला घेते. कुणी किंचाळत नाही. कोरडं अंगण आणि रिकामा होत जाणारा खालचा कप्पा एकाच घरात दिसले, की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पुढचे दोन दिवस लोक पुलावर जाऊन आकडा बघून येतात. एक फूट चढलं. दीड फूट चढलं.

तुझ्या फिल्ममध्ये आठव्या सेकंदालाच पाणी 57 फुटांवर आहे. ढोलासारखा आघात, लाल अक्षरांत नाव, लगेच धावणारे पाय. मग पुढची दोन मिनिटं चढायला जागाच उरत नाही, म्हणून तू आवाज वाढवत गेलीस. नातवानं तिसऱ्या वेळी हात न उचलण्याचं कारण हे आहे.

मोठा आवाज टाकून दचकवण्यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. 5 नोव्हेंबर 1843 ला याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं. त्यांच्या नाटकांतले राक्षस आरोळ्या ठोकत, थयथयाट करत रंगमंचावर यायचे आणि लोक खरोखर घाबरायचे. पण त्याआधी सूत्रधार येऊन गेलेला असायचा. मंगलाचरण झालेलं, विदूषकाशी बोलणं झालेलं, प्रेक्षक आपल्या जागी नीट स्थिरावलेला. राक्षसाला मोडायला काहीतरी मांडून ठेवलेलं असायचं. तुझ्याकडे राक्षस आहे, मांडणी नाही.

खरं तर मांडणी तुझ्याकडेच आहे, फक्त ती चाळिसाव्या सेकंदाला येते. मुलगी गॅस बंद करते, गाळणं कपावर धरते, एक कप भरते, मग दुसरा काढून त्याच्या शेजारी ठेवते आणि तोही भरते. कॅमेरा हलत नाही. घरात ती एकटी आहे हे आपल्याला दारावरच्या कुलपामुळे आधीच कळलंय. अकरा सेकंद. पोरी, ही अकरा सेकंदं ज्या मुलीला सुचली तिनं नेटवरून उचललेल्या किंकाळ्यांच्या मागे लागू नये. हा शॉट पहिला ठेवून बघ. त्यावर संगीत नको. नळाचा थेंब, गॅस बंद केल्याचा टक्‌, कपात पडणारा चहा. फिल्मचं नाव दुसऱ्या कपानंतर.

आणि ती पुराची रेघ. ती एकदाच येते, तीही घाईत. मुलगी ओल्या फडक्यानं भिंत पुसते, रेघ जात नाही, कट. मी तिथं असतो तर ती रेघ दोनदा दाखवली असती. दुसऱ्या वेळी वीतभर वर. मुलगी तिच्यासमोरून कप घेऊन निघून जाते, तिला काही दिसत नाही, आपल्याला दिसतं. हा माझा विचार आहे. पटला तर घे, नाहीतर सोड.

चेहऱ्याबद्दल एक सांगायचंय, कारण तुझी मैत्रीण चांगलं काम करते आणि तिच्यावर अन्याय झालाय. ती प्रत्येक शॉटमध्ये आधीच घाबरलेली आहे. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकानं एका नटाचा एकच कोरा चेहरा घेऊन त्याच्याशेजारी वेगवेगळी चित्रं जोडली. एकदा सूपचं भांडं, एकदा शवपेटी, एकदा एक बाई. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक, कधी दुःख, कधी ओढ दिसली. तिला सांग, काहीही करू नकोस, फक्त कपाकडे बघ. भीती काकू आपल्या मनानं घालतील, आणि त्यांनी घातलेली भीती आपण घातलेल्यापेक्षा जास्त टिकते.

आता जे मला सगळ्यात जास्त खटकलं ते. जिन्याच्या प्रसंगात मुलगी डावीकडून उजवीकडे जाते आणि पुढच्या शॉटमध्ये उजवीकडून डावीकडे. चालणाऱ्याच्या वाटेवर एक काल्पनिक रेषा धरतात आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवतात. तुझ्या कॅमेऱ्यानं ती रेषा ओलांडली. मनोगतात तू लिहिलंस, 'नायिकेची गोंधळलेली मनःस्थिती दाखवण्यासाठी 180 अंशांचा नियम जाणीवपूर्वक मोडला.' तू तो जाणीवपूर्वक मोडलेला नाहीस. जिना अरुंद होता, रेषेच्या त्याच बाजूला उभं राहायला जागाच नव्हती. तुझ्या मित्रानं मला फोनवर सहज सांगितलं.

तुझ्या वयाचा असताना मीही असंच लिहिलं होतं. ट्रायपॉडची पट्टी हरवली म्हणून सगळं हातात धरून शूट केलं आणि वहीत लिहिलं, 'अस्थिरता सूचित करण्यासाठी'. मार्क मिळाले. पण पुढची दोन वर्षं मी थरथरता कॅमेरा ही आपली शैली समजत राहिलो, कारण ती चूक होती हे मी स्वतःच्या हातानं खोडून टाकलं होतं. त्या दोन वर्षांचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुला कळकळीनं सांगतो, तिथं लिही, 'जागा नव्हती, म्हणून रेषा ओलांडली. पाहणाऱ्यांना ती जिना चढते की उतरते हे कळलं नाही. पुढच्या वेळी मधे एक शॉट सरळ समोरून किंवा नुसत्या पायांचा घेईन.' तपासणाऱ्याला यातलं शिकणं दिसेल. नाही दिसलं तरी तुझ्याकडे ते राहील.

तांत्रिक बाबी थोडक्यात. ट्यूबलाइटच्या शॉटमध्ये पडद्यावरून काळसर पट्टे सरकतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होते. फोन सेकंदाला तीस फ्रेमवर शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड घ्यायचा ते, आपल्या मनानं ठरवत होता, त्याचा ट्यूबशी मेळ बसला नाही. सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 हातानं लावून ठेव, पट्टे जातील. एक्स्पोजरही लॉक कर, कारण मुलगी अंधारात शिरली की फोन चित्र उजळवतो आणि सगळीकडे दाणे उठतात. त्यापेक्षा दिवेलागणीला शूट करा. सूर्य मावळल्यानंतरची पंधरावीस मिनिटं खिडकीत निळा उजेड असतो आणि आत पिवळा बल्ब. रात्र दाखवायला ती वेळ खऱ्या रात्रीपेक्षा चांगली. एका संध्याकाळी दोनच शॉट होतील. होऊ देत.

आवाजावर मात्र मला थांबायचंय. खाली सतत चालणारी ती घरघर तू कुठून तरी फुकट उतरवून घेतलीस, आणि तसली घरघर सध्या प्रत्येक थ्रिलरखाली असते. मिरज आपल्यापासून किती लांब आहे? एखाद्या सकाळी सतारमेकर गल्लीत जा. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तू त्यासाठी जाऊ नकोस. कारागीर जवारी, म्हणजे तारेतला घुमणारा नाद, लावतात ते ऐकायला जा. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली एक बारीक दोरा असतो. तो केसभर पुढं सरकवला की तार गायला लागते, आणि नको तिथं गेला की तीच तार मुकी होते किंवा चरचरते. मधल्या एका जागी स्वर बरोबर असतो, तरी ऐकणाऱ्याला बसल्या जागी अस्वस्थ वाटतं. त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्या कामाच्या वेळेचा मान ठेवून, ती जागा रेकॉर्ड कर. दुसऱ्या कपाखाली तो आवाज इतका हळू ठेव, की काकूंना तो ऐकू आला हे त्यांनाही कळू नये.

आणि आजीच्या घराची शांतता वेगळी रेकॉर्ड करून ठेव. सगळ्यांना बाहेर काढ, फ्रिज आणि पंखा बंद कर, एक मिनिट काही न करता नुसतं घर ऐक. प्रत्येक कटला मागची शांतता बदलते आणि म्हणून शॉट सुटे सुटे वाटतात. ते एक मिनिट सगळ्यांच्या खाली अंथरलं की जोड दिसणार नाहीत.

शेवटी ती गोळ्यांची बाटली. एक मिनिट पन्नासला ती क्लोजअपमध्ये येते, गोळ्या सांडतात, मुलगी हसते आणि अंधार. तुला सुचवायचंय की हे सगळं तिच्या मनाचे खेळ आहेत. पण चित्र वेगळंच सांगतं, गोळ्या घेणारी मुलगी धोकादायक असते. तुझ्या वर्गात साठ मुलं ही फिल्म अंधारात बसून बघणार आहेत. त्यांतलं कुणी रोज रात्री अशी गोळी घेत असेल, आणि घरात कुणाला कळू नये म्हणून पाकीट दप्तराच्या तळाशी ठेवत असेल. त्याला त्या दोन सेकंदांत काय वाटेल, याचा विचार कर. अशी माणसं मी जवळून पाहिली आहेत. गोळी सोडून द्यावी असं त्यांना वाटायला फार मोठं कारण लागत नाही. ती बाटली काढ, एवढं मी आग्रहानं सांगतो. तिच्याशिवाय फिल्मचं काही अडत नाही. दुसरा कप कुणासाठी, हा प्रश्न बाटलीनं संपवून टाकला होता. बाटली गेली की तो शेवटापर्यंत उघडा राहतो. सुरुवातीच्या दोन मिनिटांनी तेवढं केलं तरी खूप झालं.

मनोगत पुन्हा लिहिताना 'प्रेक्षक' हा शब्द वापरू नकोस. काकू, नातू, माझा मित्र असं लिही, आणि आणखी तिघांना दाखव. त्यांतली एक आजी असू दे. भिंतीला रंग दिला तेव्हा तिनं ती रेघ तशीच का ठेवली, हे तू तिला अजून विचारलेलं नाहीस असं मला वाटतं.

पुढच्या शनिवारी दुपारनंतर मी घरीच आहे. माझ्या नोंदींची वही तुला देतो. येताना सगळे मूळ शॉट ड्राइव्हवर घेऊन ये. कपाच्या शॉटचे बाकीचे टेकसुद्धा आण. कटमध्ये जो आहे त्यात तिचा हात दुसऱ्या कपाकडे जाताना जरा अडखळतो. ती न अडखळता, रोजच्या सवयीनं कप काढते असा एखादा टेक असेल तर मला तो बघायचाय.

तुझा,
काका