'विधवे'ची शॅम्पेन आणि बाटलीतला गाळ

तुमचा प्रश्न : 'वव्ह क्लिको या शॅम्पेनच्या नावात विधवा आहे हे खरं का? आणि आपल्या नाशिकची फसफसणारी वाईन मिळत असताना लोक हिच्यावर एवढे पैसे का उधळतात?'

खरं आहे. 'वव्ह' म्हणजे फ्रेंचमध्ये विधवा. लग्नाच्या आनंदात जी बाटली उघडतात तिच्या लेबलावर हा शब्द ठळक छापलेला असतो. आपल्याकडे हळदीकुंकवाच्या दिवशी हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारतसुद्धा नाही, म्हणून पहिल्यांदा अर्थ कळला तेव्हा मला जरा चमकायलाच झालं होतं.

ही बाई म्हणजे बार्ब-निकोल पोंसार्दां. जन्म 1777, गाव फ्रान्सच्या शॅम्पेन भागातलं रँस, वडील कापडाचे बडे कारखानदार. सासरे फिलिप क्लिको यांनी 1772 मध्ये वाईनची पेढी काढली होती, पण घरचा मुख्य धंदा कापडाचाच. नवरा फ्रांस्वा 1805 मध्ये तापानं गेला तेव्हा ही सत्तावीस वर्षांची होती, पदरात एक लहान मुलगी. सासरे पेढी बंद करायला निघाले होते. हिनं ती स्वतःकडे मागून घेतली.

त्या काळच्या फ्रेंच कायद्यात विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय साधा करारही करता येत नसे. विधवेला मात्र स्वतःच्या नावानं व्यवहार करता येई. म्हणजे बाटलीवरचा 'विधवा' हा शब्द सहानुभूतीसाठी नव्हता, सहीचा अधिकार कुणाकडे आहे ते त्यातून कळत होतं. पुढे पोमेरी आणि बोलँजे ही शॅम्पेनची घराणीही विधवांनीच वाढवली.

आता किमतीबद्दल. मी दिंडोरीकडच्या एका वायनरीत काही हंगाम काम केलंय, त्यामुळे हा भाग हातानं शिकलेला आहे. एका शब्दात सांगायचं तर तुम्ही गाळाचे पैसे देता.

आधी साधी वाईन करतात. शॅम्पेन भागात घड हातानंच तोडावे लागतात, आणि 4000 किलो द्राक्षांतून 2550 लिटरच रस काढायची परवानगी आहे. मग वेगवेगळ्या मळ्यांच्या वाईन आणि जुन्या वर्षांची राखून ठेवलेली वाईन यांचं मिश्रण जमवायचं. क्लिकोच्या मिश्रणात पिनो न्वार या काळ्या द्राक्षाचा वाटा सगळ्यात मोठा, म्हणून ती जिभेला जरा भरदार लागते. हे मिश्रण बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून झाकण ठोकतात. ते बंद बाटलीत पुन्हा आंबतं, वायूला बाहेर जायला वाट नसते, आणि आत सुमारे सहा वातावरणांचा दाब तयार होतो. मोटारीच्या टायरपेक्षा दुपटीहून जास्त. पूर्वी तळघरात बाटल्या फुटायच्या आणि कामगार तोंडावर लोखंडी जाळी बांधून वावरायचे.

काम झालं की यीस्ट मरतं आणि तळाशी बसतं. हा गाळ लगेच काढायचा नसतो, कारण भाजलेल्या पावासारखा जो वास शॅम्पेनला येतो तो त्याच्यातूनच. कायद्यानं साध्या शॅम्पेनला किमान 15 महिने तळघरात ठेवावं लागतं आणि एकाच वर्षाच्या द्राक्षांची असेल तर 3 वर्षं. मोठी घराणी त्याहून जास्त ठेवतात. एवढा काळ माल आणि पैसा दोन्ही अडकून पडतात.

नंतर मात्र तोच गाळ बाहेर काढायचा, आणि तोही बुडबुडे न घालवता. पूर्वी वाईन एका बाटलीतून दुसरीत ओतायचे, त्यात निम्मा जोर निघून जायचा. 1816 च्या सुमारास क्लिकोबाईंनी तळघराचा कारभारी अँत्वान द म्युलर याच्या साथीनं यावर तोड काढली. स्वयंपाकघरातल्या टेबलाला भोकं पाडून घेतली, असं सांगतात. भोकांत बाटल्या उलट्या खोचायच्या, रोज थोड्या फिरवायच्या. काही आठवड्यांत गाळ घरंगळत बुचापाशी येतो. झाकण उडवलं की दाबानं गाळ बाहेर, आणि बाकी वाईन काचेसारखी नितळ. आज हे काम बहुतेक ठिकाणी 504 बाटल्यांचा पिंजरा फिरवणारं यंत्र करतं आणि बाटलीचं तोंड गोठवून गाळाचा बर्फाचा खडा उडवतात. मी एकदा न गोठवता, जुन्या पद्धतीनं करून पाहिलं. अंगठा लावायला क्षणभर उशीर झाला आणि अर्धी बाटली भिंतीवर गेली.

क्लिकोबाईंची धंद्याची हिंमतही अशीच. नेपोलियनच्या युद्धांमुळे रशियाची बाजारपेठ बंद होती. 1814 मध्ये शांतता होतेय असं दिसताच, बंदी उठण्याची वाट न बघता, तिनं 1811 च्या नावाजलेल्या पिकाच्या दहा हजारांवर बाटल्या गुपचूप बाल्टिककडे रवाना केल्या. बाकीची घराणी जागी होईपर्यंत तिचा विक्रेता लुई बोन माल विकत होता. रशियनांना मात्र पाकासारखी गोड शॅम्पेन हवी असे. 2010 मध्ये बाल्टिक समुद्रातल्या ऑलंड बेटांजवळ बुडालेल्या जहाजात 168 बाटल्या सापडल्या. त्यांत क्लिकोच्याही होत्या, आणि वाईनमध्ये साखर निघाली लिटरला 140 ग्रॅमच्या आसपास. आजच्या 'ब्रूत'मध्ये, म्हणजे कमी गोड शॅम्पेनमध्ये, 12 ग्रॅमच्या आत असते.

मग नाशिकची घ्यावी की ही? बाटलीत दुसऱ्यांदा आंबवायची पद्धत नाशिकलाही हीच वापरतात आणि चांगली वापरतात. फरक आहे तो रँसच्या थंड हवेचा, तिथल्या खडूच्या जमिनीचा आणि गाळावर काढलेल्या वर्षांचा. आपल्याकडच्या किमतीत आयात शुल्क आणि करांचा वाटा मोठा आहे, तो वेगळाच. वरातीत उडवायला किंवा पन्नास पाहुण्यांना द्यायला खुशाल नाशिकची घ्या. क्लिको घ्यायची तर चौघांत बसून, मोठ्या तोंडाच्या ग्लासात, फार गार न करता प्या. उघडताना बूच धरून ठेवा आणि बाटली फिरवा. फटाक्यासारखा आवाज आला तर तळघरात साठवलेला वायू तुम्ही छताला दिलात असं समजा.