मोएरु गोमी की मोयासु गोमी?

प्रश्न थोडक्यात असा : जपानमधल्या एका शहरात कचऱ्याच्या फलकावर ‘मोएरु गोमी’ लिहिलेलं असे. बदली होऊन टोकियोच्या एदोगावा भागात आल्यावर तिथल्या फलकावर ‘मोयासु गोमी’ दिसतं. इंग्रजी भाषांतर दोन्हीकडे एकच. मग शब्द दोन कशाला? आणि प्लॅस्टिक तर चांगलं भडभडून जळतं, तरी ते कधी या पिशवीत, कधी त्या पिशवीत, हे काय गौडबंगाल?

दोन्ही पिशव्यांत पडणारा माल बराचसा सारखा असतो, पण शब्द सारखे नाहीत. ‘मोएरु’ म्हणजे जळणे आणि ‘मोयासु’ म्हणजे जाळणे. मोएरु गोमी हा जळणारा कचरा, तर मोयासु गोमी हा जाळायचा कचरा. पहिलं नाव वस्तूचा गुण सांगतं, दुसरं नाव त्या वस्तूचं काय करायचं ठरलंय ते सांगतं. इंग्रजी भाषांतरात हा फरक सपाट होतो. म्हणून जपानी शब्द इंग्रजीच्या खिडकीतून न बघता थेट मराठीतून बघावेत, निदान या बाबतीत तरी.

जपानीत अशा जोड्या शेकड्यांनी आहेत. अकर्मकाला जिदोशि म्हणतात, सकर्मकाला तादोशि. जपानी भाषेच्या एन-४ पातळीच्या परीक्षेला बसणारे त्यांच्या याद्या करून पाठ करतात आणि तरीही गोंधळतात, कारण त्यांच्या डोक्यात मधे इंग्रजी असतं. मराठीत हे यंत्र आधीच बसवलेलं आहे : पडणे-पाडणे, गळणे-गाळणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे. त्यामुळे वारेरु-वारु हे फुटणे-फोडणे, किएरु-केसु हे विझणे-विझवणे, ओचिरु-ओतोसु हे पडणे-पाडणे असं जोडीनं लक्षात ठेवलं की काम झालं. पंचाईत होते ती मराठीत एकाच क्रियापदानं दोन्ही कामं भागतात तिथे. ‘दार उघडलं’ यात ते आपोआप उघडलं की कोणी उघडलं ते कळत नाही. जपानीत आकु आणि आकेरु वेगळे. ‘काठी मोडली’चंही तसंच, तिकडे ओरेरु आणि ओरु. अशी थोडकी क्रियापदंच वेगळी पाठ करावी लागतात.

शेवटाच्या अक्षरावरून ओळखता येतं का? अर्धंमुर्धं. जोडीतल्या ज्या शब्दाच्या शेवटी ‘सु’ आहे तो सकर्मक, हे डोळे मिटून मानावं : मोयासु, केसु, ओतोसु, कोवासु (मोडून टाकणे). ‘एरु’वर मात्र विसंबू नये. मोएरु, वारेरु, याकेरु (भाजून निघणे) अकर्मक आहेत, तर आकेरु, शिमेरु (बंद करणे), त्सुकेरु (लावणे) सकर्मक. शिवाय प्रत्यय मदतीला असतो : ‘कामि गा मोएरु’ म्हणजे कागद जळतो, ‘कामि ओ मोयासु’ म्हणजे कागद जाळतो. मराठीत निर्जीव कर्माला प्रत्यय लागत नाही, म्हणून ‘कागद जळला’ आणि ‘कागद जाळला’ यांतला सगळा भार एका आकारावर पडतो. जपानीत क्रियापदही बदलतं आणि गा-ओ पण बदलतात.

आता फलकावरच्या नावाकडे. जपानीत नामाआधी क्रियापद तसंच्या तसं ठेवलं की विशेषण तयार होतं. ‘मोयासु गोमी’चा शब्दशः अर्थ लावू गेलं तर तो ‘जाळणारा कचरा’ असाही होऊ शकेल. कोण जाळतंय आणि काय जळतंय हे ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं. मराठीत हा आळस चालत नाही. जळणारा, जाळणारा, जळलेला, जाळलेला, जाळायचा, जाळता येणारा असे आपल्याकडे सहा वेगवेगळे साचे आहेत. त्यांतला ‘-आयचा’ हा साचा इथे नेमका बसतो. साप्पोरोत पिशवीवर ‘मोयासेरु गोमी’ दिसेल. ते मोयासुचं शक्यतादर्शक रूप, म्हणजे ‘जाळता येणारा कचरा’. टोकियोच्या सेतागायासारख्या भागांत ‘कानेन गोमी’ लिहितात. तो चिनी घडणीचा शब्द आहे, आपल्या ‘ज्वलनशील’सारखा, आणि जळणे-जाळणेच्या वादात पडत नाही. ओसाकात तर सरळ ‘फुत्सू गोमी’, म्हणजे साधा कचरा. नकारार्थी रूपं याच चालीवर : मोएनाइ (न जळणारा), मोयासानाइ (जाळायचा नाही असा), फुनेन (अज्वलनशील).

नाव बदलण्यामागचं कारण प्लॅस्टिकच्या प्रश्नात आहे. टोकियोचे गव्हर्नर मिनोबे र्योकिचि यांनी १९७१ साली ‘गोमी सेन्सो’, म्हणजे कचरा-युद्ध, जाहीर केलं. त्या दशकात प्लॅस्टिक वेगळं काढायला सुरुवात झाली. ते जळत नव्हतं म्हणून नव्हे. ते फार जळत होतं म्हणून. त्या वेळच्या भट्ट्यांना एवढी उष्णता सोसत नव्हती आणि पीव्हीसी या जातीचं प्लॅस्टिक जळलं की हायड्रोजन क्लोराइड हा आम्लधर्मी वायू निघून यंत्रसामग्री खराब होई. तरीही ते प्लॅस्टिक ‘न जळणाऱ्या’ खात्यात जाऊन टोकियोच्या उपसागरातल्या भरावात पडू लागलं. म्हणजे वर्षानुवर्षं लोक मोएनाइ गोमीच्या पिशवीत भडभडून जळणारी वस्तू टाकत होते. पुढे भट्ट्या सुधारल्या, ८०० अंशांच्या वर तापमान ठेवून डायॉक्सिन हे विषारी द्रव्य आटोक्यात आलं, भरावाची जागा मात्र संपत चालली. २००८ च्या सुमारास टोकियोच्या २३ प्रभागांनी प्लॅस्टिक, रबर आणि चामडं जाळायच्या बाजूला वळवलं. एप्रिल २०२२ मध्ये प्लॅस्टिकच्या पुनर्वापराचा नवा कायदा लागू झाल्यापासून तेच प्लॅस्टिक बऱ्याच प्रभागांत ‘शिगेन’, म्हणजे संसाधन, म्हणून तिसऱ्याच एका ठरावीक दिवशी उचलतात. प्लॅस्टिकचा तोच डबा अशा रीतीनं तीन खाती फिरला. ‘मोएरु’ म्हटलं की नागरिक वाद घालतो, हे तर जळतं की. ‘मोयासु’ म्हटलं की वादाला जागाच उरत नाही.

काही गावं त्याहून पुढे गेली. क्योटो प्रांतातल्या कामेओका शहरात या खात्याचं नाव ‘मोयासु शिका नाइ गोमी’ आहे. ‘शिका’ आणि पुढे नकार ही रचना मराठीत हुबेहूब सापडते : ‘जाळण्यावाचून गत्यंतर नाही असा कचरा’. तोकुशिमा प्रांतातलं कामिकात्सु हे गाव कचरा चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतं. तिथे उरलेल्या खात्याचं नाव ‘दोशितेमो मोयासानाकेरेबा नारानाइ मोनो’, म्हणजे काही केल्या जाळावीच लागेल अशी वस्तू. नाव वाचता वाचता माणूस पिशवी परत घरात नेईल, हा हेतू उघड आहे. माझ्या मते कामेओकाचं नाव जास्त चांगलं, कारण ते फलकावर मावतं.

हा फरक नुसत्या व्याकरणाचा नाही, तो रोज हातात येतो. वर्तमानपत्र, पुठ्ठ्याची खोकी, धुतलेले जुने कपडे : सगळं जळतं, पण बहुतेक ठिकाणी जाळायचं नसतं, शिगेनमध्ये द्यायचं असतं. उलट स्वयंपाकघरातला ओला कचरा, नामागोमी, यात दहातले आठ हिस्से पाणीच असतं. तो स्वतःहून काय जळणार? पण तो जाळायचा. म्हणून पत्रकांवर ‘मिझुकिरि’ची, पाणी निथळून टाकायची, विनवणी असते. चहाचा चोथा पिळून टाकावा, भाज्यांची सालं धुण्याआधीच काढावीत. पिशवी हलकी होते आणि उन्हाळ्यात वासही कमी येतो.

कागदांत एक मेख आहे. औष्णिक कागदावरच्या पावत्या, मेणाचा थर असलेले कप, फोटो आणि वास मुरलेली खोकी रद्दीत चालत नाहीत. वास पुनर्निर्मित कागदातही उतरतो. साबण, कपडे धुण्याची पावडर आणि उदबत्ती यांची खोकी म्हणून मोयासु गोमीत. मराठी घरात उदबत्तीचं खोकं हमखास असतं आणि ते हमखास रद्दीच्या गठ्ठ्यात सापडतं.

तळणीच्या तेलालाही हीच जोडी लागू आहे : कातामारु म्हणजे घट्ट होणे, कातामेरु म्हणजे घट्ट करणे. तेल मोरीत ओतायचं नाही. एक तर ते जुन्या कपड्यात किंवा कागदात जिरवायचं, नाहीतर ‘ग्योकोझाइ’ची पुडी घालून गोठवायचं. एक पुडी साधारण ६०० मिलिलिटर तेलाला पुरते. गॅस बंद केल्याबरोबर, तेल चांगलं गरम असतानाच पावडर घालून ढवळायची आणि मग निवू द्यायचं. गार तेलात घातली तर ती विरघळत नाही आणि तेल तसंच पातळ राहतं. मग नाइलाजानं तेल पुन्हा तापवावं लागतं. गोठलेली वडी कढईतून सोडवून मोयासु गोमीत टाकायची.

कप फुटला तर तो मोयासानाइच्या बाजूचा. तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून वर ‘किकेन’ (धोका) असं लिहायचं, म्हणजे उचलणाऱ्याचा हात कापत नाही. दिवाळीच्या मातीच्या पणत्याही याच खात्यात, वात आणि तेल पुसून. कप दुसऱ्याचा असेल तर क्रियापद जपून निवडावं. ‘कोप्पु गा वारेता’ म्हणजे कप फुटला, जणू त्याचा तो. माफी मागताना ‘वात्ते शिमाइमाशिता’, माझ्या हातून फोडला गेला, असं सकर्मकच हवं. आपणही ‘फुटला’च्या आडोशाला उभे राहतोच, पण तिथे ते लगेच कानाला खटकतं.

पिशवी चुकली तर भांडण होत नाही. पिशवी जागेवर राहते आणि तिच्यावर ‘उचलता येत नाही’ अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवलेली असते, बहुधा कारणासह. साधारणपणे सकाळी ८ च्या आत पिशवी ठेवायची असते. टोकियोच्या २३ प्रभागांत मोयासु गोमी बहुतेक ठिकाणी आठवड्यातून दोनदा आणि मोयासानाइ गोमी महिन्यातून दोनदा उचलतात, म्हणजे दुसऱ्या प्रकारची चूक पंधरा दिवस घरात सांभाळावी लागते. क्योटोत पिवळी पिशवी विकत घ्यावी लागते, २००६ पासून, लिटरमागे एक येन. साध्या पिशवीतला घरगुती मोयासु गोमी तिथे उचलत नाहीत.

शंका असेल तर विचारायचं कसं? ‘कोरे वा मोएमास का?’ असं विचारलं तर समोरच्याला वाटेल, याला ज्वलनाचं शास्त्र समजून घ्यायचंय. ‘कोरे वा नानिगोमी देस का?’, हा कुठल्या प्रकारचा कचरा, हे सरळ आणि रूढ. (देसु, मोएमासु यांतला शेवटचा उकार बोलताना जवळजवळ गळतो, म्हणून देस, मोएमास.) कचरा बाहेर ठेवण्याला ‘गोमी ओ दासु’ म्हणतात. दासु म्हणजे काढणे, पण मराठीतलं ‘कचरा काढणे’ म्हणजे केर काढणे, ते इथे अभिप्रेत नाही. झाडण्याला हाकु हे वेगळं क्रियापद आहे.

वर्गीकरणाला ‘बुन्बेत्सु’ म्हणतात. हीच दोन चिन्हं ‘फुन्बेत्सु’ अशी वाचली की अर्थ होतो सारासार विचार, समंजसपणा. आपला ‘विवेक’ही मुळात वेगळं करणे याच अर्थाच्या वि + विच् या धातूवरून आलेला. बौद्ध ग्रंथांत मात्र फुन्बेत्सु हा संस्कृत ‘विकल्प’चा अनुवाद आहे आणि त्याच्या उलटचा ‘मुफुन्बेत्सु’ म्हणजे निर्विकल्प. रोजच्या बोलण्यात मुफुन्बेत्सु म्हणजे अविचारीपणा. एका शब्दाचा समाधीपासून बेपर्वाईपर्यंतचा हा प्रवास खरं तर स्वतंत्र चर्चेचा विषय आहे.

उपप्रश्न होता की अ‍ॅनिमे पाहणाऱ्यांचं ‘मोए’ हे हेच का. उच्चार तोच, चिन्ह वेगळं. जळण्याच्या मोएरुच्या चिन्हात डावीकडे अग्नी आहे. या मोएरुच्या चिन्हात वर गवत आणि खाली सूर्य-चंद्र, अर्थ अंकुरणे. एखाद्या पात्रावर जीव जडणे या अर्थानं ते रूढ झालं आणि २००५ च्या जपानमधल्या वर्षाच्या गाजलेल्या शब्दांच्या पहिल्या दहांतही आलं. याच अंकुरणाऱ्या मोएरुचा सकर्मक जोडीदारही मोयासुच : मोड येणे आणि मोड आणणे. त्यावरून ‘मोयाशि’, म्हणजे मोड आणलेलं धान्य. जपानी दुकानात २०० ग्रॅमच्या पिशवीत मिळणारी मोयाशि बहुतेक मुगाचीच असते, पण अंधारात वाढवून लांब पांढरे देठ केलेली. ती परतायला किंवा रामेनवर घालायला ठीक. उसळीला हवे असतील तर ‘र्योकुतो’, म्हणजे अख्खे मूग, आणून घरीच मोड आणावे लागतात.