सकाळची साखर आणि साबुदाणा

मधुमेह आहे आणि सकाळी उपाशीपोटी रक्तातली साखर १६५ आली म्हणून तुम्ही रात्रीचा भात बंद केलात, ठीक. पण सकाळचा आकडा नेहमी जेवणामुळेच चढतो असं नाही. पहाटे शरीरातली संप्रेरकं यकृताला साखर सोडायला लावतात. मी वर्षभर उगाच भाताला दोष देत बसलो होतो.

आधी पंधरा दिवस वही ठेवा: उपाशीपोटी किती, जेवायला बसल्यापासून दोन तासांनी किती, काय खाल्लं, झोप कशी झाली. साधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हवी. वय, इतर आजार बघून डॉक्टर हे आकडे बदलतात. मोजण्याआधी हात धुवा. आंबा कापलेल्या बोटाने मी एकदा २९० काढली होती!

उपवासाची गंमत वेगळीच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर त्यात बटाटा. एकादशीला साखर चढणारच. ज्वारीची भाकरी चांगली, पण चार हाणल्या तर तिचीही साखरच होते. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. मला सगळ्यात लवकर फरक यानेच पडला.

ताप, जंतुसंसर्ग, स्टिरॉइडच्या गोळ्या यांनीही आकडा वाढतो. मधुमेहाची गोळी मनाने वाढवू नका, वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही रक्ततपासणीही करून घ्या. आणि साखर २५० च्या वर राहून उलट्या, धाप किंवा गुंगी असेल, तर वहीबिही सोडा, सरळ दवाखाना गाठा.