तुटलेलं रान परत उभं करायचंय? आधी हे वाच

सिंधुदुर्गातल्या आंबोली-तिलारी पट्ट्यात काम सुरू करतोयस ना, मग पहिल्याच पावसात हजार रोपांचा घाट घालू नकोस, आधी तोडलेले बुंधे बघ, ऐन-किंजळ या झाडांना बुडातून धुमारे फुटतात, त्यातले दोन जोमदार ठेवून बाकीचे काढ आणि वणवा, गुरं लांब ठेव, बरंचसं रान आपोआप उठतं. चांदाडा (उघड्या जागेत आधी येणारं, झपाट्याने वाढणारं झाड) उगवला तर तोडू नकोस, त्याच्याच सावलीत पुढची सदाहरित रोपं तगतात. बी जवळच्या देवराईतलं, गावाला विचारून, थोडंच घे. जांभूळ, रातांब्याचं (कोकमाचं) बी वाळवून डब्यात ठेवलं की मेलंच, ताजंच पेरायचं.

खरा प्रश्न जमिनीचा. कोकणात बरंच रान खासगी, सातबाऱ्यावर ढीगभर नावं, त्यातली अर्धी मुंबईत, म्हणून बैठक गणपतीतच लाव, सगळे गावात असतात. राबाला (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला) कवळ, म्हणजे पाल्याच्या डहाळ्या, कुठून तोडायची, सरपण कुठून आणायचं हे बायकांना विचारूनच ठरव, नाहीतर कुंपण पहिल्याच वर्षी मोडेल आणि त्यात त्यांची काही चूक नसेल रे. सरकारी वनजमीन असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्याखाली जंगल वापरायच्या-राखायच्या हक्काचा ग्रामसभेचा सामूहिक दावा आधी टाका, रोपं नंतर.